टक्कल, चाई आणि माक्याचें तेल

सांगली आणि मिरज यांच्यामध्यें विश्रामबाग आहे. तेथील विलिंग्डन कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९१९ सालीं सुरू केलें. महाराष्ट्रांतील शिकलेल्या तरुणांचें डोकें आंतूनहि आणि बाहेरूनहि बदलत होतें, तो हा काळ. त्यांच्या आजोबांच्या पिढींत घेरा, शेंडी आणि पगडी असे. डोक्याचा बराच भाग न्हावी वस्तऱ्यानें साफ करी. केस विरळ झाले, तरी जगाला त्याचा पत्ता नसे. नातवांनीं शेंडी काढली, केस राखले, भांग पाडला; आणि टक्कल हा पुरुषाच्या काळजीचा विषय झाला.

या काळजीवर औषधें दोन वाटांनीं आलीं. एक वाट घरची. शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांच्या ‘आर्यभिषक्’ ग्रंथानें औषधी वनस्पतींची माहिती मराठी घरांत पोंचविली. ओलसर जागीं उगवणारा माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंद यांचीं तेलें घरोघर सिद्ध होत. कल्क एक भाग, तेल चार भाग, रस सोळा भाग, हें शास्त्रांतील सर्वसाधारण प्रमाण. पाणी आटून तेल उरेपर्यंत तें मंद आंचेवर कढवावयाचें. दुसरी वाट बाजारची. कलकत्त्याचें ‘जबाकुसुम’, मुंबईचें ‘कामिनिया’ अशीं सुवासिक तेलें बाटल्यांतून येऊं लागलीं.

बाटलीपुढें सारीं टकलें सारखींच. जुन्या शास्त्राची दृष्टि मात्र अधिक बारीक होती. सुश्रुतानें इंद्रलुप्तावर जाई, कण्हेर, चित्रक व करंज यांचें तेल सांगितलें. वाग्भटानें पुढें भेद केला: इंद्रलुप्तांत केस एकाएकीं जातात, खालित्यांत क्रमाक्रमानें. शिवाय तिन्ही दोषांनीं झालेलें खालित्य असाध्य आहे, असेंहि त्यानें स्पष्ट सांगितलें.

आजचें विज्ञान हा भेद निराळ्या शब्दांत मानतें. इंद्रलुप्त म्हणजे बहुधा आपली चाई. तींत शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते; पण मुळें नष्ट होत नाहींत, आणि पुष्कळांचे केस कांहीं महिन्यांत आपोआप परत येतात. त्या महिन्यांत जें तेल चोळलें असेल, त्याला यश मिळतें. पुरुषांच्या नेहमींच्या टकलाचें तसें नाहीं. षंढ केलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाहीं, हें ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसच्या सूत्रांत आलेलें आहे. अमेरिकेंतील जेम्स हॅमिल्टन यांनीं १९४२ सालीं पुरुषी अंतःस्रावाचा हा संबंध सिद्ध केला. त्या स्रावाच्या परिणामानें, आनुवंशिक कल असलेल्या पुरुषांत, केसांचीं मुळें हळूहळू आखडतात. माक्याच्या अर्कानें उंदरांचे केस लवकर उगवल्याचे प्रयोग आहेत. परंतु तेवढ्यावरून पुरुषाचें टक्कल भरून येतें, असें म्हणतां येत नाहीं. तेलानें केस मऊ राहतात व कमी तुटतात, एवढें खरें.

ग्रंथांतील सर्वच द्रव्यें निरुपद्रवीहि नाहींत. चाईवर लावावयास सांगितलेली गुंज आणि वरील तेलांतील कण्हेर हीं दोन्ही विषारी आहेत. जाणत्या वैद्याच्या हातीं तीं औषधें होतीं. ऐकीव माहितीवर घरीं वाटलीं, तर घातक ठरतील.

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं वाग्भटाच्या तेलांबरोबर त्याचा ‘असाध्य’ हा शब्दहि लक्षांत ठेवावा. ज्या वैद्यानें रोग ओळखून नाहीं म्हटलें, त्याच्याच होकाराला किंमत असते.