तांबडं फुटायची वेळ

"गुरुजी, किती वाजता?"

सहावीतल्या मुलीचा प्रश्न होता. आम्ही सिद्धगडाच्या पायथ्याशी, स्मारकापाशी उभे होतो. तारीख २ जानेवारी. अंधार सरला नव्हता, मशाली पेटलेल्या, मुलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. १९४३ साली याच तारखेला, याच रानात, इंग्रज सरकारविरुद्ध लढणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, एवढं माझं सांगून झालं होतं.

"पहाटे," मी म्हणालो.

"पहाटे म्हणजे किती वाजता?"

तिचं बरोबर होतं. वर्गात मीच शिकवलं होतं की वेळ नेमकी सांगावी. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मला कळलं, की आमच्या या खोऱ्यात 'किती वाजले' याआधी 'कुणाच्या घड्याळात' हे विचारावं लागतं.

१ सप्टेंबर १९४२ रोजी सरकारने देशातली घड्याळं एक तास पुढे केली. महायुद्ध चालू होतं, उजेडाचा जास्त वापर व्हावा हा हेतू. ही युद्धवेळ १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत चालली. म्हणजे कोतवाल आणि हिराजी गेले त्या दिवशी सरकारी घड्याळ आजच्यापेक्षा एक तास पुढे होतं. आजच्या वेळेनुसार जानेवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य सात-दहाच्या आसपास उगवतो. १९४३ला पोलिसांच्या मनगटावर तोच सूर्योदय आठ-दहाला झाला असणार. कुणी 'सहा वाजता' म्हटलं आणि ते सहा सरकारी असले, तर सूर्य उगवायला दोन तासांहून जास्त वेळ होता. रान मिट्ट काळोखात असणार.

मला आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. त्याच सप्टेंबरपासून आझाद दस्त्याने विजेच्या वाहिन्यांचे मनोरे पाडायला सुरुवात केली. टाटांची भिवपुरीची वीज सह्याद्रीच्या याच उतारावरून मुंबईकडे जायची, तिच्यावर गिरण्या चालायच्या. एकीकडे सरकार काटे पुढे ढकलून दिवसातून जास्त काम काढू बघत होतं, दुसरीकडे माथेरानचा एक तिशीतला वकील, कोतवाल, आणि त्याचे शेतकरी-आदिवासी साथी ते काम चालवणारी वीजच तोडत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मला कुणी शिकवल्या नव्हत्या. मी मात्र माझ्या मुलांना शेजारी ठेवूनच शिकवल्या.

वेळेची ही ओढाताण युद्धाने सुरू केली असं नाही. आमच्या भागात ती रेल्वेबरोबर आली. कल्याणहून रूळ १८५५ला वाशिंदपर्यंत आले, १८६०ला आसनगाव आणि पुढच्या वर्षी कसारा. पुढे स्टेशनातलं घड्याळ चालू लागलं ते मद्रासच्या वेळेवर. ती वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. गाडी मद्रासच्या हिशेबाने सुटणार, गावचा सूर्य आपल्या हिशेबाने चालणार. १९०६च्या १ जानेवारीपासून सरकारने प्रमाणवेळ आणली, तेव्हा मुंबईला ३९ मिनिटं पुढे सरकावं लागलं. गिरणीकामगारांना त्याचा अर्थ लगेच कळला : तेवढं अंधारात उठायचं. जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी त्याच महिन्यात दगडफेक केली. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ १९५० पर्यंत सोडली नाही. हट्टीपणा म्हणून आज कुणी हसेल, मी हसत नाही. ८२.५ अंश रेखांशावरची, मिर्झापूरजवळची वेळ इथल्या माणसाच्या झोपेतून कापून घेतली जात होती. सिद्धगड साधारण ७३.५ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमचा सूर्य प्रमाणवेळेच्या ३६ मिनिटं मागे चालतो. आजही.

रेल्वेच्या घड्याळाआधी काय होतं? घटिकापात्र होतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसाच्या साठ घटका, मोजायच्या सूर्योदयापासून. ज्या गावी सूर्य उगवला त्या गावची घटका. 'घटका भरली' असं आपण अजूनही म्हणतो, वाटी मात्र कुणी पाहिलेली नसते. घटका झाली की धातूच्या तबकावर टोला द्यायचे, त्या तबकाला 'तास' म्हणत. मग तोच शब्द साठ मिनिटांना मिळाला, आणि पुढे शाळेत गणिताचा तास, मराठीचा तास झाला. मी तीस वर्षांहून जास्त तास घेतले, पण हा शब्द आधी वाजायचा आणि मग मोजायचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या डोक्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरला अशीच एक वाजणारी वस्तू आहे. देवळासमोर दोन खांबांच्या मधे मोठी युरोपी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ला वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ती एक. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर दुसरी आहे. वसईत ती प्रार्थनेच्या वेळा सांगत होती, भीमाशंकरला आल्यावर दर्शनाला आलेला माणूस ती वाजवू लागला. वेळ सांगायचं तिचं काम संपलं आणि आवाज राहिला. लहानपणी शिवरात्रीला आजीच्या कडेवरून मी ती पाहिली, तेव्हा ती आमच्या घरापेक्षा मोठी वाटली होती.

आमच्या घरात घड्याळं होती, पण ती लोकांची. बाबा मुरबाडच्या बाजारपेठेत घड्याळजी होते. दुकान नव्हतं. एका कापडदुकानाच्या ओटीवर काचेचं झाकण असलेलं टेबल, डोळ्याला भिंग, दोन चिमटे, पेट्रोलची वाटी आणि तेलाची सुई. म्हशाच्या जत्रेत, पौषात, तेच टेबल बैलबाजाराच्या कडेला लागायचं. बैल विकून पैसे हातात आले की माणूस बंद पडलेलं घड्याळ आणायचा. वर्षभर बंद असलेलं.

बाबांच्या टेबलावर सगळ्यात जास्त यायचं ते एचएमटी जनता. बंगळूरला सिटिझनच्या मदतीने १९६१ पासून एचएमटीची घड्याळं निघू लागली, आणि काही वर्षांत आमच्याकडे जावयाला द्यायचं घड्याळ म्हणजे एचएमटी असं ठरून गेलं. चावीचं, सतरा खड्यांचं. मागचं झाकण उघडलं की बॅलन्स इकडून तिकडे फिरताना दिसायचा, सेकंदाला पाच टिकटिक. बाबा मला म्हणायचे, "दिवसाला चार लाख बत्तीस हजार वेळा हा हलतो. त्यात दहा-वीस सेकंद चुकला तर माणसानं त्याला माफ करावं." मी तो गुणाकार पाटीवर करून पाहिला होता.

पावसाळा हा त्यांचा हंगाम. आवणी चालू असताना घड्याळ हातातच राहायचं, पाणी आत जायचं, कमानीला गंज चढायचा. चिखल लागलेल्या मनगटावरून काढलेलं घड्याळ लोक रुमालात बांधून आणायचे, आजारी पोर आणावं तसं. बाबा ते कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, कमान गेली की नुसतं तेल सुकलंय. ते चुकलेले मला आठवत नाहीत.

दुरुस्त झालेलं घड्याळ लावायचं कशाशी, हा खरा प्रश्न. सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांशी. आणि रेडिओ नसेल तर मुक्कामाच्या गाडीशी. एसटीची मुक्कामाची गाडी रात्री गावात थांबायची, पहाटे पहिल्या फेरीला निघायची. तिच्या हॉर्नवर शेवटच्या वाडीपर्यंत चुली पेटत. ड्रायव्हरला दहा मिनिटं झोप लागली तर सगळं खोरं दहा मिनिटं उशिरा जागं व्हायचं, आणि त्यात कुणाचं काही अडायचं नाही.

मी शिक्षक होऊन सिद्धगडाच्या पट्ट्यात आलो तेव्हा शाळेत घंटा म्हणून आंब्याला रुळाचा तुकडा टांगलेला होता. लोखंडी बोल्टने वाजवायचा. आवाज लांब जायचा, वरच्या वाड्यांपर्यंत. मुरबाडला अजून रेल्वे आलेली नाही, पण तिचा हातभर तुकडा आमच्या मुलांना बोलवायचा. मुलं मात्र त्याच्या आधीच आलेली असत किंवा फार नंतर येत. ठाकर-कातकऱ्यांच्या त्या मुलांना मी उशीर झाला म्हणून उभं करायचो. एक दिवस एका मुलाला विचारलं, घरून कधी निघालास? तो म्हणाला, "दिवस कासराभर वर आला तवा." त्याचं उत्तर नेमकं होतं. मलाच ते वाचता येत नव्हतं.

मग बाबांकडून एक मोडकं भिंतीवरचं घड्याळ मागून आणलं. यंत्र त्यांनी बसवून दिलं. तबकडी मी पुठ्ठ्याची नवी केली, आणि आकड्यांच्या बाजूला मुलांनी सांगितलेल्या वेळा लिहिल्या. बाहेरच्या वर्तुळात दिवस, आतल्या वर्तुळात रात्र. पहिलं कोंबडं, तांबडं, कासराभर दिवस, न्याहारी, सावली पायात, गुरं वळायची वेळ, दिवेलागण, जेवणवेळ, निजानीज. दोन आठवड्यांत मुलांनी चूक काढली : तांबडं एका जागी राहत नाही. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्या पुढे, तासापेक्षा जास्त फरक. मग 'तांबडं' शाईने लिहायचं सोडून तांबड्या कागदाची पट्टी केली, टाचणीने लावलेली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक मूल खुर्चीवर चढून ती सरकवायचं. मुलांना घड्याळ लवकर कळलं. मला मुलांची वेळ कळायला तीच पट्टी लागली.

पुढे क्वार्ट्झ आलं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि सेल बदलणं एवढंच काम उरतं. बाबांनी टेबल बंद केलं तेव्हा त्यांच्या डब्यात लोकांनी परत न नेलेली एकोणीस घड्याळं होती. ती अजून माझ्याकडे आहेत, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी : गाव, नाव, 'कमान'.

आता वेळ फोनवर येते, टॉवरकडून. कुणाला लावावी लागत नाही, चावी द्यावी लागत नाही. देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आण्विक घड्याळांवर सांभाळली जाते, आणि वाडीतल्या पोराच्या हातातला फोन तिच्यापासून फार दूर नसतो. मला याचं मनापासून कौतुक आहे. पण एका रेशन दुकानासमोर एका आजींना मी ओट्यावर बसलेलं पाहिलं. अंगठा लावायचं यंत्र होतं, रेंज नव्हती. दुकानदार यंत्र हातात घेऊन चिंचेखाली फिरत होता. आजींच्या गळ्यातल्या फोनवर सेकंदही बरोबर होते, आणि त्यांची सकाळ जात होती. न्याहारीला आल्या होत्या त्या, उठल्या तेव्हा सावली पायात होती.

त्या मुलीला मी उत्तर दिलं ते पुढच्या आठवड्यात, वर्गात. तबकडी भिंतीवरून काढून टेबलावर ठेवली. तांबडी पट्टी जानेवारीच्या जागी होती, सातला टेकलेली. तिला म्हटलं, १९४३च्या सरकारी घड्याळात ही कुठे लावशील? तिने टाचणी काढली, एक तास मोजला आणि पट्टी आठवर ठेवली. मग म्हणाली, "आणि सूर्याच्या घड्याळात?" आम्ही दोघांनी मिळून सातपासून ३६ मिनिटं मागे मोजली. पट्टी साडेसहाच्या जवळ आली. तिसरी टाचणी नव्हती, म्हणून तिने ती बोटाने दाबून धरली आणि बाकीच्यांना बघायला बोलावलं.