मुद्रा आणि शाळेची पायरी

बालवाङ्मयाचा विचार करताना आपण बोधाकडे व रंजकतेकडे पाहतो. त्यांतील मुलांच्या मुद्रेकडे मात्र क्वचितच पाहतो. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, आर. जे. पॅलासिओ यांच्या 'वंडर' या कादंबरीने हा प्रश्न पुढे आणला. जन्मतःच चेहऱ्याची घडण निराळी असलेला दहा वर्षांचा ऑगस्ट पुलमन अनेक शस्त्रक्रियांनंतर प्रथमच शाळेत, पाचवीच्या वर्गात, पाऊल टाकतो. हेच तिचे कथासूत्र. आमच्या मते या कथेचे नाते गोमंतकाच्या इतिहासाशीही जोडता येते.

डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली गेले. या 'नव्या काबिजादीं'त मराठी विद्येची परंपरा टिकली ती प्रामुख्याने लोकांच्या स्वतःच्या बळावर, देवळांच्या मंडपांत नि गृहस्थांच्या ओट्यांवर बसणाऱ्या पंतोजींच्या शाळांतून. १९६१ च्या मुक्तीनंतर, पेडण्याचे सुपुत्र दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि प्राथमिक शाळा खेडोपाडी पोहोचल्या. त्या काळी चेहऱ्यावर देवीचे वण असणे ही कोणत्याही गावात नवलाची गोष्ट नव्हती. पुढे १९७५ मध्ये भारतातून व १९८० पर्यंत साऱ्या जगातून देवीचा रोग नाहीसा झाला. मानवजातीचे हे केवढे भाग्य! परंतु त्याचा एक परिणाम आपल्या ध्यानी येत नाही. वण असलेले चेहरे दुर्मिळ झाले, तसे दुभंगलेला ओठ, भाजल्याची खूण किंवा जन्मजात व्यंग असलेले मूल वर्गात अधिकच एकाकी पडले.

आपल्या परंपरेत अशा मुलाची कथाच नाही, असे मात्र नव्हे. आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र जनकाच्या यज्ञात जातो, तेव्हा द्वारपाल त्याला बालक म्हणून अडवितो. लोककथेत सभा त्याच्या देहाला हसते. अखेर तो बंदीला वादात जिंकून मान मिळवितो. कथा थोर आहे. पण तिच्यात एक अट दडलेली आहे. अष्टावक्र हरला असता तर? ज्याचे रूप निराळे, त्याने आपले आसन असामान्य बुद्धीने कमवावे, हीच ती अट होय. 'वंडर'कारही तिच्यातून पुरत्या सुटल्या नाहीत. वर्षअखेरीस ऑगस्टला पदक व टाळ्यांचा गजर लाभतो. ह्या कादंबरीचे गुण मान्य करूनही हा दोष आम्हांस नोंदवावासा वाटतो.

कायद्याने ही अट केव्हाच मोडली आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाने शाळेतील जागा मिळविण्यासाठी काहीही सिद्ध करावयाचे नाही. साहित्याने मात्र अजून तेथवर यावयाचे आहे.

पेडण्याकडच्या दशावतारात काळा मुखवटा चढविलेला संकासुर पाहून लहान मुले प्रथम दचकतात, आणि थोड्याच वेळात त्याच्या मागे धावू लागतात. सहवासाने भय ओसरते, हे त्या रंगमंचावरील सत्य वर्गासही लागू आहे. भेद इतकाच, की मुखवटा उतरविता येतो, चेहरा नाही. म्हणून शिक्षकाने अशा मुलाचे कौतुकही करू नये नि कीवही करू नये. त्याला पहिल्याच दिवशी नावाने हाक मारावी, पाढे म्हणावयास लावावे, चुकल्यास इतरांप्रमाणेच सुधारावे. जो मुलगा पदकावाचून, सामान्य गुणांनी, वर्गात सुखाने बसला आहे, त्याची मराठी कादंबरी आमच्या लेखकांनी लिहावी, अशी आमची अपेक्षा आहे.