नादारींतहि न सुटणारें कर्ज

चिचगड ही पूर्वींच्या भंडारा जिल्ह्यांतली एक जमीनदारी. आतां तें गांव गोंदिया जिल्ह्यांत मोडतें. तेथील ऋणकोस १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचा आधार होता. मुक्ततेचा हुकूम मिळाला, कीं सरकारी देणें, कपटाचें देणें व पोटगी वगळतां जुनीं देणीं सुटत. पुढें १९३३ सालीं मध्यप्रांतानें कर्जतडजोडीचा कायदा केला. मंडळानें धनकोस समजावून रक्कम उतरवावी व हप्ते बांधून द्यावेत, अशी त्याची रीत. शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज १९२० च्या अपवादांत नव्हतें. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनें मात्र तें न्यायालयीन दंडाच्या पंक्तीस बसविलें. मुक्ततेनंतरहि तें उरावयाचें. विद्यार्थ्यास अपराध्याची पंगत कां, नकळे! दिलासा इतकाच, कीं २०१९ सालीं व्यक्तींविषयींचा हा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच अमलांत आला.