सदाफुलीच्या पानांतले औषध

सदाफुलीला कोणी मुद्दाम जपत नाही. कुंडीत, भिंतीच्या फटीत, बी पडेल तिथे ती उगवते आणि बारा महिने फुलते. इतकी ती घरची झाली आहे, की तिचे माहेर मादागास्कर आहे हे ऐकून नवल वाटते. मधुमेहावर तिची पाने चावून खाण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे ठाऊक आहे. हाच समज दूर जमैकातही होता आणि तेथूनच एका मोठ्या शोधाला सुरुवात झाली.

१९५२ साली कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांना जमैकाच्या एका रुग्णाकडून सदाफुलीची २५ पाने पाकिटातून आली. त्यांनी ती वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करणारे धाकटे बंधू रॉबर्ट यांच्याकडे सोपवली. पानांचा काढा उंदरांना पाजून पाहिला. रक्तातली साखर जराही उतरली नाही. अर्क टोचला, तेव्हा मात्र उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या, अस्थिमज्जा खचली होती. मधुमेहाचे औषध हाती लागले नाही, पण नवा प्रश्न उभा राहिला: ज्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हाच गुण उपयोगी पडेल काय?

अडचण अशी, की सदाफुलीत अल्कलॉइड वर्गातली द्रव्येच कितीतरी. त्यांतले नेमके कोणते? १९५४ मध्ये रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर मदतीला आले आणि त्यांनी क्रोमॅटोग्राफीचा आधार घेतला. ही युक्ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांची. काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासून त्यांनी वरून पानांचा अर्क ओतला, तेव्हा हिरवे-पिवळे रंग पट्ट्यापट्ट्यांनी वेगळे झाले. १९०३ साली वॉर्सा येथे त्यांनी या पद्धतीवर व्याख्यान दिले होते. भुकटीला जे द्रव्य अधिक चिकटते ते मागे रेंगाळते, कमी चिकटणारे पुढे सरकते; तत्त्व एवढेच. बीअर यांनी खडूऐवजी ॲल्युमिना वापरले, उतरणारे अंश वेगवेगळे जमवले आणि पांढऱ्या पेशी कोणत्या अंशाने घटतात याचा माग घेतला. अखेर शुद्ध स्फटिक हाती आले. आज त्या द्रव्याला विनब्लास्टिन म्हणतात. हे काम १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीचे गॉर्डन स्वोबोडा यांनीही सदाफुली हाती घेतली होती. त्यांनी ॲल्युमिनाच्याच स्तंभातून आणखी एक द्रव्य वेगळे केले: विनक्रिस्टिन. पानांत ते इतके अल्प, की ग्रॅमभर मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. लहान मुलांचा ल्युकेमिया पूर्वी जवळजवळ हमखास जीव घेई. इतर औषधांच्या जोडीने विनक्रिस्टिन मिळू लागले आणि आज जेथे पूर्ण उपचार होतात, तेथे बहुतेक मुले बरी होतात.

तरीही सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची पाने चघळणाऱ्यांनी त्या उंदरांची आठवण ठेवावी. ज्या द्रव्याने अस्थिमज्जा खचते, तेच मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून दिले की औषध होते. पानात किती आहे, हे चघळणाऱ्याला कधीच कळत नाही. ते वेगळे काढून मोजता आले, हेच त्या काचेच्या नळीचे आपल्यावरचे उपकार.