मुंबईची पदवी आणि विलायतेची नोंदवही

1855 साली लंडनमध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसची पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. तीत सूर्यकुमार चक्रवर्ती हा बंगाली तरुण दुसरा आला. दहा वर्षांपूर्वी द्वारकानाथ टागोर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले चार विद्यार्थी इंग्लंडला घेऊन गेले होते, त्यांतलाच हा एक. नोकरी हिंदुस्थानात, रोगी हिंदुस्थानातले. परीक्षेसाठी मात्र समुद्र ओलांडायचा. हा शिरस्ता पुढे कित्येक दशके टिकला.

ब्रिटनमध्ये कोणाला डॉक्टर म्हणायचे, हे 1858 च्या कायद्याने ठरवले. त्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन केली आणि तिच्या हाती डॉक्टरांची नोंदवही दिली. 1886 च्या कायद्याने वसाहतींतल्या पदव्यांनाही या वहीत जागा मिळण्याची वाट खुली झाली. मग मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुणालाही तिथे नाव घालता येऊ लागले.

ही मान्यता पहिल्यांदा मोडली ती बाळंतपणावरून. हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यांना प्रसूतीचा पुरेसा अनुभव मिळत नाही, असा कौन्सिलचा आक्षेप होता. 1922 मध्ये कौन्सिलतर्फे सर नॉर्मन वॉकर इथली कॉलेजे तपासायला आले. आक्षेपात तथ्य होते, हे मान्य करायला हवे. बायका घरीच, सुईणीच्या हातून बाळंत होत. इस्पितळात पाऊल टाकणाऱ्या मोजक्याच, मग विद्यार्थ्यांनी ठरावीक संख्येची बाळंतपणे करायची कुठे? पण शंभर वर्षे राज्य करणाऱ्या सरकारने पुरेशी प्रसूतिगृहे उभारली नव्हती, त्याचा जाब त्या विद्यार्थ्यांना विचारला गेला. 1930 मध्ये मान्यता गेली. उत्तरादाखल 1933 चा कायदा आला आणि देशाची स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली; पुढे मान्यताही परत मिळाली.

मुंबईत स्वाभिमानाचा एक धडा याआधीच गिरवला गेला होता. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळच्या मेडिकल कॉलेजासाठी पैसा दिला तो एका अटीवर: शिकवणारे सगळे हिंदुस्थानी असावेत. 1926 मध्ये या कॉलेजाला जोडलेले केईएम रुग्णालय सुरू झाले. त्याचे पहिले डीन जीवराज मेहता स्वतः लंडनहून एमडी आणि एमआरसीपी होऊन आलेले. विलायतेची विद्या घ्यायची आणि परळच्या वॉर्डात वापरायची, हा तो मार्ग.

स्वातंत्र्यानंतर अनेकांच्या मनात बेत तोच होता: दोन-चार वर्षे जायचे, एफआरसीएस व्हायचे, परत यायचे आणि दवाखान्याच्या पाटीवर ती अक्षरे लावायची. पण 5 जुलै 1948 ला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती आणि तिला माणसे कमी पडत होती. भारत-पाकिस्तानातून आलेले कनिष्ठ डॉक्टर नसते तर ही सेवा कोसळलीच असती, अशा अर्थाचे उद्गार 1961 मध्ये लॉर्ड कोहेन यांनी हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये काढले.

जागा मिळत होत्या, पण कुठल्या? लंडनच्या नामांकित शिक्षण-रुग्णालयांतली शल्यचिकित्सा क्वचितच. वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालये, वेल्सच्या खाणखोऱ्यांतली जनरल प्रॅक्टिस: जिथे गोरा डॉक्टर जायला नाखूश, तिथे हे गेले. ‘रजिस्ट्रार’च्या हुद्द्यावर कित्येकांची वर्षे सरली आणि कन्सल्टंटची खुर्ची दूरच राहिली. तरी वृद्धोपचार ही स्वतंत्र, सन्मानाची शाखा म्हणून ब्रिटनमध्ये वाढली, त्यात या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. खोकणाऱ्या खाणकामगाराची फुप्फुसे तपासणारे आणि रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाणारे डॉक्टर अनेक खेड्यांत भारतीयच होते. ही सेवा ब्रिटनच्या इतिहासात ठळकपणे लिहिली जायला हवी.

1975 मध्ये दुसरा घाव बसला. ब्रिटनमधल्या वैद्यकीय व्यवसायाच्या नियमनाची चौकशी करणाऱ्या मेरिसन समितीने परदेशी डॉक्टरांच्या दर्जाबद्दल आणि इंग्रजीबद्दल शंका घेतल्या. त्याच वर्षी भारतीय पदव्यांची मान्यता काढली गेली आणि वैद्यकीय ज्ञान व भाषा तपासणारी परीक्षा सुरू झाली. तिचीच पुढची आवृत्ती म्हणजे ‘प्लॅब’. परदेशी डॉक्टरांची एक संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली. परीक्षा असण्यात गैर काही नव्हते. रोग्याचे भले त्यातच आहे. सलत होते ते हे, की काल याच पदवीवर रात्रपाळ्या सोपवल्या होत्या.

आजही वाट साधारण तीच. आधी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची चाचणी. मग प्लॅबचा पहिला, लेखी भाग. दुसरा भाग मँचेस्टरमध्ये: एकामागून एक कक्ष, बहुतेकांत रोग्याची भूमिका करणारा माणूस, आणि त्याच्याशी कसे बोललात यालाही गुण. त्यानंतर नोंदणी, आणि त्यानंतर नोकरीचा शोध. उत्तीर्ण झाला म्हणजे जागा मिळाली, असे नाही.

एप्रिल 2006 मध्ये हे हजारोंना कळले. ब्रिटिश सरकारने परदेशी डॉक्टरांची कामाच्या परवान्याविना (वर्क परमिट) प्रशिक्षण घेण्याची सवलत काढून घेतली. प्रशिक्षणाच्या जागा देताना परदेशी उमेदवारांना मागे ठेवा, असा सल्लाही आरोग्य खात्याने रुग्णालयांना दिला. आधीच परीक्षा देऊन, कर्ज काढून तिथे राहिलेले तरुण अधांतरी लटकले. ‘बापिओ’ या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालय गाठले. 2008 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तो सल्ला बेकायदा ठरवला. तोवर दोन वर्षे उलटली होती, आणि बरेच जण बॅगा भरून घरी परतले होते.