मार्शलची मुदत ठेव

आमच्या घरी चिनी मातीच्या कपबशांचा एक सेट आहे. 'कुणी खास आलं की काढू' या बोलीवर तो अकरा वर्षं कपाटात बसून होता. शेवटी खास पाहुणे आले. सेट निघाला, पुसून झाला, आणि पाहुणे म्हणाले, "आम्ही चहा सोडला." त्या दिवशी मला फ्रँक मार्शल आठवला.

हा अमेरिकेचा बुद्धिबळपटू. १९०९ साली क्यूबाच्या अवघ्या वीस वर्षांच्या कापाब्लांकानं त्याला सामन्यात धुऊन काढलं. आठ डाव कापाब्लांकाचे, एक मार्शलचा, चौदा बरोबरीत. म्हणतात, तेव्हापासून मार्शलनं एक चाल खास या गृहस्थांसाठी नऊ वर्षं पोटात ठेवली. जाणकारांना ही कथा तितकीशी पटत नाही. पण मी पडलो बँकेतला कारकून. मुदत ठेवीची कथा खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२३ ऑक्टोबर १९१८. न्यूयॉर्कची स्पर्धा. पांढरी मोहरी कापाब्लांकाकडे. ओपनिंग रुय लोपेझ, म्हणजे सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश पाद्र्याच्या नावाचं. आठव्या चालीला मार्शलनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं सरकवलं. अर्थ असा, की माझं मधलं प्यादं खुशाल खा, मग तुमच्या राजाकडे बघतो!

हा हल्ला घरून तयार होऊन आलाय, हे कापाब्लांकानं ओळखलं. पण आव्हान टाळणं त्याला कमीपणाचं वाटलं; पुढं त्यानं तसं लिहूनही ठेवलं. त्यानं प्यादं खाल्लं. लगेच मार्शलचे वजीर, घोडा, उंट वसुलीला आल्यासारखे राजाच्या दारात हजर! पण हा पठ्ठ्या एकेक अचूक उत्तर शोधत गेला आणि छत्तिसाव्या चालीला डाव जिंकून मोकळा झाला. नऊ वर्षांची ठेव, मुदत भरली त्याच दिवशी बुडाली.

खातं मात्र बंद झालं नाही. मार्शलनं अकराव्या चालीला घोडा मागं नेला होता. त्याऐवजी त्याला प्याद्याचा आधार द्यावा, अशी सुधारणा पुढं झाली आणि हल्ल्यात जीव आला. आज 'मार्शल अ‍ॅटॅक' ग्रँडमास्टर खेळतात; पांढऱ्याकडून खेळणारे कित्येक जण तर तो नकोच म्हणून आठव्या चालीलाच वाट बदलतात. डाव जिंकला एकानं, नाव राहिलं हरलेल्याचं. चाल पोटातच राहिली असती, तर तेही राहिलं नसतं.

परवा रविवारी मी काही निमित्त नसताना सेट काढला. पहिल्याच चहाला एक बशी फुटली. हिनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "अगं, मार्शलसुद्धा पहिल्यांदा हरलाच होता."

"कोण मार्शल? तुमच्या बँकेतला?"

मी हो म्हणालो. खातं अजून चालू आहे त्याचं.