सिमेट्री : समाईक माप

'सिमेट्री'ला पाठ्यपुस्तके 'सममिती' म्हणतात. कागद मधोमध दुमडला की दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, हा तिचा शाळेतला अर्थ बराच उशिराचा. मूळ ग्रीक शब्द 'सिमेत्रिया'. 'सिन' म्हणजे सह, 'मेत्रॉन' म्हणजे माप. 'मेत्रॉन' आणि आपली 'मिती' एकाच मुळातले. पण 'सह' आणि 'सम' यांतले अंतर मला महत्त्वाचे वाटते. दोन वस्तू सारख्या असाव्यात, असे ग्रीक शब्द म्हणत नाही. दोन्ही एकाच मापाने मोजता याव्यात, एवढेच त्याचे म्हणणे. युक्लिडच्या दहाव्या पुस्तकातली पहिली व्याख्या हीच. चौरसाची बाजू आणि कर्ण यांना असे समाईक माप नाही, म्हणून ती 'असिमेत्रा'.

हा शब्द भूमितीतून बाजारात येतो तो अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात. घर बांधणारा आणि चांभार यांची देवघेव व्हायची तर किती जोडे म्हणजे एक घर? समाईक मापाशिवाय समता नाही, समतेशिवाय देवघेव नाही आणि देवघेवीशिवाय समाज नाही, इथवर तो बिनचूक पोचतो. गरज हे खरे माप, नाणे तिचे प्रतिनिधी, असे सांगतो. आणि इतक्या भिन्न वस्तू खरोखर एका मापात बसणे अशक्यच, असे म्हणून थांबतो. का थांबला, हे मार्क्सने १८६७ साली 'कॅपिटल'मध्ये सांगितले. ज्या समाजाचा पाया गुलामगिरी, त्याला माणसांचे श्रम समान असल्याचे दिसणार कसे?

तरीही अ‍ॅरिस्टॉटलचा चांभार निदान घर बांधणाऱ्यासमोर सौद्याला उभा आहे. आमचा बलुत्यासाठी खळ्यावर उभा होता, आणि माप देणाऱ्याच्या हातात होते. महारकीत तर कामालाच माप नव्हते. १८७४च्या वतन कायद्याच्या छायेत वतनदार महाराने रात्री-अपरात्री सरकारी कामाला धावायचे. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि बलुते. कोणत्या कामाचे किती, हा प्रश्नच नाही. आमच्या पंडितांनी याला 'ग्रामव्यवस्थेचा समतोल' म्हटले!

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. कामे ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख द्या, या मागण्या मला समाईक मापाच्याच मागण्या वाटतात. ते बिल पास झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, त्यांच्या पश्चात.